वाट सांगणाऱ्या बाईची किंमत

मैत्रिणींनो, आमच्या घरात गेली काही वर्षं एका परक्या बाईचं चांगलंच वजन आहे. ती दिसत कुणालाच नाही, पण आवाज मोठा गोड. "दोनशे मीटरनंतर डावीकडे वळा," असं ती म्हणाली, की आमचे हे एका शब्दाने वाद न घालता डावीकडे वळतात. तेच मी म्हटलं असतं, तर "तुला काय कळतंय? उजवीकडून जवळ पडतं," असं ऐकावं लागलं असतं आणि दहा मिनिटांनी आम्ही कुणाच्या तरी उसाच्या फडाशी उभे असतो! लग्नाला बारा वर्षं झाली, पण एवढी आज्ञाधारकता माझ्या वाट्याला आली नाही.

तुम्ही ओळखलंच असेल. ही बाई म्हणजे गाडीत वाट सांगणारं यंत्र, ज्याला सगळे नेव्हिगेशन म्हणतात. बहुतेकींच्या घरी ती फोनमध्ये राहते आणि फुकट राबते. पण तिची एक श्रीमंत बहीण आहे. ती गाडीतच, समोरच्या पडद्यात, कंपनीने बसवून दिलेली असते. ती मात्र फुकट येत नाही. या श्रीमंत बहिणीला घरात आणायचं की नाही, यावरून गेल्या वर्षी आमच्याकडे महिनाभर धुसफुस चालली होती. त्याचा हिशेब आज तुमच्यापुढे मांडते. उद्या तुमच्या घरीही हा प्रश्न उभा राहील, तेव्हा उपयोगी पडेल.

आमची जुनी गाडी सेकंडहँड घेतलेली. तिची दुरुस्ती परवडेनाशी झाली, म्हणून नवी घ्यायचं ठरलं. शोरूममध्ये गेलो. मधलं मॉडेल आमच्या आवाक्यातलं होतं. त्याच्या वरचं, 'टॉप मॉडेल', एक लाख चाळीस हजारांनी महाग. त्यात काय जास्त? तर छताला काचेची खिडकी, चाकांना नक्षी, आणखी चार-दोन गोष्टी, आणि ही बाई. नुसती बाई हवी म्हटलं तर मिळत नाही. साडीबरोबर ब्लाउजपीस यावा तसं नव्हे हो, ब्लाउजपीससाठी साडी घ्यावी लागते, तसा प्रकार!

"तुझे ते साठ हजार घातले, की बाकीचं कर्जात बसवता येईल," हे म्हणाले.

'माझे ते साठ हजार' म्हणजे काय, ते सांगायला हवं. मी बी. ए. आहे. एका शाळेत तासिका तत्त्वावर मराठी आणि इतिहास शिकवते. म्हणजे जेवढे तास घ्यावे तेवढेच पैसे, आणि मे महिन्याच्या सुट्टीत काही नाही. कायम नोकरीचा विचार करायचा तर बी. एड. हवं. ते आता दोन वर्षांचं झालं आहे. म्हणून संध्याकाळी घरी चार-पाच मुलांच्या शिकवण्या घेऊन मी पोस्टात पैसे टाकत होते. साडेतीन वर्षांत साठ हजार जमले होते.

"अगं, बी. एड. काय, पुढच्या वर्षीही करता येईल. गाडी आपण एकदाच घेणार," हे म्हणाले. मी गप्प राहिले. मग ते हळूच म्हणाले, "आईंच्या वेळचं आठवतंय ना?"

या वाक्यापुढे माझं तोंड बंद झालं. कारण त्या रात्री खरोखरच मोठ्या भाऊजींच्या गाडीतल्या बाईने आम्हाला वाट दाखवली होती.

दोन पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. माझी आई चिपळूण तालुक्यात, अगदी आडगावी, मावशीकडे राहायला गेली होती. संध्याकाळी अंगणातल्या शेवाळावरून तिचा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. शेजाऱ्यांनी १०८ ला फोन केला. पण गावाच्या रस्त्यावर झाड आडवं झालं होतं, रुग्णवाहिका पलीकडेच अडकली. मावशीचा फोन आला तेव्हा आम्ही साताऱ्यात जेवायला बसत होतो. ताटं तशीच ठेवून निघालो. आमच्या गाडीचा भरवसा नव्हता, म्हणून भाऊजींनी त्यांची गाडी काढली. टॉप मॉडेल, नेव्हिगेशनसकट.

उंब्रज, पाटण, कोयनानगर. पाऊस कोसळत होता. कुंभार्ली घाटात धुकं इतकं, की पुढच्या ट्रकचा लाल दिवासुद्धा जवळ गेल्यावर दिसे. मधेच मावशीच्या शेजाऱ्यांचा फोन आला, "नेहमीच्या रस्त्याने येऊ नका, दुसऱ्या अंगाने या." कुठून ते सांगण्याआधीच रेंज गेली. त्या गावी मी लहानपणी एकदा एस.टी.ने गेलेली. दुसरं अंग कुठलं, मला काय ठाऊक! ह्यांनी फोनवर रस्ता शोधायला घेतला. निळा ठिपका दिसत होता, हलतही होता, पण त्याच्याखाली नकाशाच नव्हता. नुसती कोरी पाटी.

तेव्हा भाऊजींच्या गाडीतली बाई कामी आली. तिला रेंजची गरजच नव्हती. गावाचं नाव घातलं, नेहमीचा रस्ता सोडून दुसरा मागितला, तिने दाखवला. घाट उतरून त्या काळोखात ती डावी-उजवी सांगत होती आणि आम्ही वळत होतो. मी मनातल्या मनात तिला हात जोडले होते.

पण मैत्रिणींनो, गोष्ट इथेच संपत नाही. ह्यांना एवढीच आठवते. मला पुढची अर्धीही आठवते.

मावशीचं गाव तीन किलोमीटरवर असताना ती बाई म्हणाली, "सरळ पुढे जा." भाऊजींनी करकचून ब्रेक दाबला. दिव्यांच्या उजेडात समोर रस्ता नव्हता, ओढा होता. फरशीवरून लाल पाणी धावत होतं. बाईंचं आपलं चालूच, "सरळ पुढे जा." तिच्या पडद्यावर तिथे सुरेख सरळ रेघ होती.

गाडी मागे घेतली. एका घराच्या पडवीत एक म्हाताऱ्या आजी बॅटरी घेऊन उभ्या होत्या. गाडीचा आवाज ऐकून बाहेर आल्या असाव्यात. "फरशीवरनं नका जाऊ बाय, पाणी चढलंय. वरच्या अंगाला नवा पूल झालाय. दोन वर्सं झाली की!" दोन वर्षांपूर्वी झालेला पूल भाऊजींच्या गाडीला माहीतच नव्हता. माहीत कसा असणार? गाडी घेतल्यापासून नकाशा एकदाही नवा करून घेतलेला नव्हता.

आम्ही पोचलो तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. पहाटे झाड हललं आणि रुग्णवाहिका आली. खरं सांगायचं तर आमच्या जाण्याने आईचं हाड काही जुळलं नाही. पण ते तीन तास तिने माझा हात सोडला नाही. आता ती काठीच्या आधाराने चालते.

तर 'आईंच्या वेळचं आठवतंय ना?' या प्रश्नाला माझ्याकडे दोन उत्तरं होती, आणि दोन्ही खरी होती. आईच्या जिवाचा विषय निघाला, की बाईमाणसाने पैशाचं बोलू नये, अशी आपली समजूत असते. पण मला वाटलं, या वेळी बोलावं. मात्र आधी नीट समजून घ्यावं.

आमच्या शाळेत भूगोल शिकवणारे सर आहेत. मधल्या सुट्टीत त्यांना गाठलं. त्यांनी फळ्यावर काढून समजावलं ते माझ्या भाषेत सांगते. वाट सांगणाऱ्या यंत्रात दोन निरनिराळ्या गोष्टी असतात. एक म्हणजे 'तुम्ही कुठे आहात' आणि दुसरी 'तिथे काय आहे'.

पहिली गोष्ट उपग्रह सांगतात. जमिनीपासून सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून अमेरिकेचे तीसएक उपग्रह सतत संदेश पाठवत असतात. त्यातल्या चारांचे संदेश मिळाले, की यंत्र आपली जागा काढतं. २००० सालच्या मे महिन्यापर्यंत सामान्यांच्या वापरातल्या संदेशात मुद्दाम चूक मिसळलेली असे. ती बंद केली, तेव्हापासून गाडीला आपण नेमक्या कुठल्या रस्त्यावर आहोत ते समजू लागलं. आपल्या इस्रोनेही २०१३ पासून 'नाविक'चे उपग्रह सोडले आहेत. या संदेशांना रेंज लागत नाही आणि पैसाही पडत नाही. साध्या स्मार्टफोनमध्येसुद्धा ते पकडायची सोय असते. म्हणूनच घाटात आमचा निळा ठिपका हलत होता.

दुसरी गोष्ट म्हणजे नकाशा. फोन तो दर वेळी रेंजवरून मागवतो, त्यामुळे बहुधा ताजा असतो, पण रेंज गेली की पाटी कोरी. गाडीतल्या बाईजवळ तो आधीच भरून ठेवलेला असतो, त्यामुळे रेंज नसली तरी चालतं, पण तो भरला त्या दिवसाचाच राहतो.

सर म्हणाले, "१९८१ साली जपानमध्ये होंडा कंपनीने गाडीत वाट दाखवणारं यंत्र काढलं होतं. त्यात उपग्रहांचा वापर नव्हता, गाडीचं वळणं आणि अंतर मोजून ते चाले. नकाशे पारदर्शक फिल्मवर छापलेले, हाताने बदलायचे. यंत्र कितीही भारी असो बाई, नकाशा बदलावाच लागतो."

मला एकदम लख्ख कळलं. अहो, हे तर पंचांग! भिंत चुन्याची असो की संगमरवरी, तिच्यावर तीन वर्षांपूर्वीचं कॅलेंडर टांगलं तर एकादशी चुकणारच. आपण एक लाख चाळीस हजार मोजतो ते भिंतीचे, आणि कॅलेंडर दर साली कोण आणणार, हे विचारतच नाही.

मग मी वही काढली. एक लाख चाळीस हजार जर पाच वर्षांच्या कर्जात नऊ टक्क्यांनी घेतले, तर महिन्याचा हप्ता २,९०६ रुपये येतो. पाच वर्षांत ते सुमारे १ लाख ७४ हजार होतात. शिवाय रोड टॅक्स गाडीच्या किमतीवर आणि विमाही किंमत बघूनच ठरतो, म्हणजे तिथेही थोडं वाढणार. आणि आम्ही रेंज नसलेल्या भागातून वर्षात किती वेळा जातो? बोटावर मोजले. फार तर सहा वेळा.

ही वही मी ह्यांच्यापुढे ठेवली. म्हटलं, "अहो, त्या रात्री तिने आपल्याला ओढ्याच्या काठावर नेऊन उभं केलं होतं, तेही आठवा."

"पण तिथवर नेलं तर तिनेच ना?" हे म्हणाले.

हेही खोटं नव्हतं. तिथवर फोनने नेलं नसतं. मग आम्ही ठरवलं, भांडण्यापेक्षा परीक्षा घेऊ. सरांनी सांगितलं होतं, की फोनमध्येसुद्धा नकाशा आधी उतरवून ठेवता येतो. घरच्या वाय-फायवर सातारा आणि रत्नागिरी जिल्ह्यांचा नकाशा उतरवला. रविवारी फोनचं सिमकार्ड काढून ठेवलं आणि जुन्या गाडीने, डबा घेऊन, कोयनानगरपर्यंत गेलो. फोनमधल्या बाईने सिमकार्डाशिवाय नेऊन आणलं. वाटेत मुद्दाम चुकीचं वळण घेतलं, तरी तिने नवी वाट काढून दिली. पुढे गर्दी आहे की नाही, एवढं मात्र तिला सांगता येत नव्हतं.

फोनच्या बाईत दोष नाहीत असं नाही, तेही सांगते. उन्हाळ्यात काचेपाशी ठेवलेला फोन तापून मधेच बंद पडतो. बोलावणं आलं, की नकाशा मागे पडतो. बोगद्यात तिची भंबेरी उडते. गाडीतली बाई तिथे चाकांच्या फेऱ्या मोजून अंदाज बांधते, हा तिचा खरा गुण. (पण खंबाटकीच्या बोगद्यात वळायला जागा तरी कुठे आहे, म्हणा!) आणि फोनचा नकाशा ताजा असतो म्हणजे नेहमी खराच असतो, असंही समजू नका. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगा नदीवरच्या तुटक्या पुलावरून गाडी खाली कोसळून तिघांचे जीव गेले. पुलाचा भाग पुराने आधीच वाहून गेला होता आणि फोनमधला नकाशा मात्र त्या वाटेने जा म्हणत होता, असं बातम्यांत आलं होतं. ती बातमी वाचून मला आमचा ओढा आठवला आणि अंगावर काटा आला. भाऊजींचा पाय ब्रेकवर पडला, तो बाईच्या सांगण्यावरून नव्हे, डोळ्यांनी पाहिलं म्हणून.

नंतर शोरूममध्ये मी एकटीच गेले आणि विक्री करणाऱ्या मुलाला चार प्रश्न विचारले. नकाशा कुठल्या साली भरलेला आहे? तो नवा कोण करून देणार, किती वर्षं फुकट आणि मग किती पैसे? रेंज नसताना ही बाई पूर्ण काम करते का? कारण काही नव्या गाड्यांत आतच सिमकार्ड असतं, त्याची वर्गणी पहिली काही वर्षं माफ असते आणि मग भरावी लागते. चौथा प्रश्न, मधल्या मॉडेलच्या पडद्यावर फोनचा नकाशा दिसतो का?

पहिल्या तीन प्रश्नांना तो मुलगा "विचारून सांगतो, मॅडम" म्हणाला. चौथ्याला मात्र लगेच, "हो, वायरने फोन जोडला की दिसतो." म्हणजे मोठा पडदा आणि ताजा नकाशा, दोन्ही मधल्या मॉडेलमध्येच होतं की!

त्या रात्री मी ह्यांना सगळं सांगितलं. शेवटी म्हटलं, "ते साठ हजार मी गाडीला देणार नाही. गाडीसाठी कमी पडत असते तर दिले असते. पण नक्षीच्या चाकांसाठी नाही." बारा वर्षांत इतकं स्पष्ट मी कधी बोलले नव्हते. हे बराच वेळ वहीतले आकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मला वाटलं होतं, आईंसाठी म्हणून तुला ते आवडेल." तेव्हा मला कळलं, की टॉप मॉडेलचा हट्ट नुसत्या ऐटीचा नव्हता. त्या रात्री हातातला फोन कोरा पडला आणि आपल्याला काही करता आलं नाही, हे त्यांच्या मनाला लागून राहिलं होतं. माणसं आपली भीती कशात गुंतवतील, सांगता येत नाही.

आम्ही मधलं मॉडेल घेतलं.

आता तुमच्यासाठी थोडक्यात. ज्यांना रोज डोंगराळ, जंगली भागात गाडी चालवावी लागते, किंवा ज्या वडीलधाऱ्यांना फोनशी खटाटोप जमत नाही, त्यांना गाडीतली बाई जरूर उपयोगी आहे. पण नकाशा किती वर्षं फुकट नवा करून मिळणार, ते लेखी घ्यावं. आमच्यासारख्यांनी पडदा असलेलं मधलं मॉडेल, फोन जोडायची एक चांगली वायर आणि फोन बसवायचा स्टँड घ्यावा. निघण्याआधी घरीच नकाशा उतरवावा आणि महिन्या-दोन महिन्यांनी नवा करावा. पत्ता गाडी उभी असतानाच घालावा. आडगावी जायचं असेल तर तिथल्या माणसाला वाट विचारून कागदावर लिहून घ्यावी. पावसाळ्यात काळोखात फरशीवर पाणी दिसलं, तर कुठल्याही बाईचं ऐकू नये! आणि ज्यांच्याकडे ही श्रीमंत बहीण आधीच आहे, त्यांनी तिचा नकाशा किती जुना आहे ते आजच बघावं. भाऊजींनी आमचं ऐकून शोरूममधून नवा भरून घेतला. काही हजार पडले, पण मावशीच्या गावचा पूल आता त्यात आहे.

दिवाळीत आम्ही आईला आणायला गेलो, तेव्हा वाटेत त्या आजींकडे थांबून फराळाचा डबा दिला. त्यांनी आम्हाला ओळखलं नाही. रोज कुणाला ना कुणाला त्या वाट सांगत असणार, कुणाकुणाला लक्षात ठेवतील!

बी. एड.च्या सीईटीचा फॉर्म मी भरला आहे. संध्याकाळी शिकवणी संपली, की मुलीच्या शेजारी बसून मीही अभ्यास करते. हे चहा करून आणतात. वाट विचारतात मात्र अजून त्या बाईलाच!

तुमच्या घरी कसं आहे?